जिम मॅके: खेळाच्या माइकमागचा बातमीदार

क्रीडा वाहिनीवर नव्यानेच निवेदन करू लागलेल्या एका तरुणाने विचारलं आहे: ‘आमच्या प्रशिक्षणात अमेरिकन निवेदक जिम मॅके यांचं नाव सारखं येतं आणि दर वेळी म्युनिकचीच क्लिप दाखवतात. एका दिवसाच्या कामावर माणूस एवढा मोठा कसा ठरतो? आणि खेळाचा निवेदक हा खरंच पत्रकार असतो का?’

म्युनिकची क्लिप जरूर बघा, पण तेवढीच बघितलीत तर मॅके तुमच्या हाती लागणार नाहीत. मी टीव्हीच्या क्रीडा विभागात आधी डेस्कवर आणि मग निवेदनात बरीच वर्षं काढली, आता नव्या मुलांना शिकवतो. माझं मत असं की १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये इस्रायली पथकातल्या लोकांना ओलीस धरलं गेलं, त्या दिवशी मॅके यांच्या लाइव्ह निवेदनात जगाने जे पाहिलं, ते मॅके यांच्या अंगात पंचवीस वर्षं मुरलेलं होतं. त्यामुळे सुरुवात त्या पंचवीस वर्षांपासून करू.

त्यांचं खरं नाव जेम्स केनेथ मॅकमॅनस. जन्म २४ सप्टेंबर १९२१, फिलाडेल्फिया. शाळकरी वयात कुटुंब बाल्टिमोरला आलं आणि तेच त्यांचं गाव झालं. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी नौदलात होते. युद्ध संपल्यावर बाल्टिमोरच्या ‘सन’ वृत्तपत्रसमूहात वार्ताहर म्हणून लागले. त्यांच्या पत्नी मार्गारेट याही तिथेच वार्ताहर होत्या. १९४७ साली या समूहाने डब्ल्यूएमएआर नावाचं टीव्ही केंद्र काढलं, आणि मॅकमॅनस वर्तमानपत्र सोडून तिकडे गेले. ऑक्टोबरमध्ये पिम्लिकोच्या रेसकोर्सवरून पहिलं प्रक्षेपण झालं. बाल्टिमोरच्या टीव्हीवर सर्वांत आधी ऐकू आलेला आवाज त्यांचा होता.

टीव्ही तेव्हा इतका नवा होता की कामाच्या वाटण्या ठरलेल्याच नव्हत्या. बातम्या वाचणारा, मुलाखती घेणारा, शर्यतीचं वर्णन करणारा माणूस एकच असायचा. आज आपण क्रीडा, बातम्या, मनोरंजन असे वेगवेगळे कप्पे करून माणसं भरती करतो. मॅके या कप्प्यांच्या आधीचे होते. क्रीडा निवेदक पत्रकार असतो का, हा प्रश्न त्यांना कुणी विचारला असता तर तो बहुधा त्यांना कळलाच नसता.

१९५० मध्ये सीबीएस या देशव्यापी टीव्ही नेटवर्कने त्यांना न्यूयॉर्कला बोलावलं ते एका मनोरंजनाच्या कार्यक्रमासाठी. कार्यक्रमाचं नाव आधीच ठरलेलं होतं आणि त्यात ‘मॅके’ होतं, म्हणून त्यांनाही मॅके व्हावं लागलं. पुढची दहा वर्षं मिळेल ते काम केलं. मग १९६० साली सीबीएसने स्क्वॉ व्हॅलीच्या हिवाळी ऑलिंपिकचे हक्क घेतले आणि निवेदनाची जबाबदारी मॅके यांच्यावर आली. पण त्याच सुमारास ते मनाने पार कोसळले आणि काम सोडावं लागलं. त्यांच्या जागी सीबीएसचे बातमीदार वॉल्टर क्रॉन्काइट गेले. ही गोष्ट मॅके यांनी पुढे स्वतःच सांगितली. आजही आपल्या धंद्यात अशा त्रासाविषयी कुणी तोंड उघडत नाही, त्यामुळे त्या पिढीतल्या माणसाने ती सांगितली याचं मला मोल वाटतं. एवढी संधी हुकली तरी माणूस संपत नाही, हे नव्या निवेदकांच्या कानावर पडायलाच हवं.

त्याच वर्षी उन्हाळ्यात रोमचं ऑलिंपिक आलं आणि ते मॅके यांच्याकडे सोपवलं गेलं. या कामाबद्दल फार कमी बोललं जातं, माझ्या दृष्टीने मात्र ते अतिशय महत्त्वाचं आहे. उपग्रह नव्हता. रोमची चित्रफीत विमानाने न्यूयॉर्कला यायची. मॅके रोममध्ये नव्हतेच, ते न्यूयॉर्कच्या स्टुडिओत बसून सगळं निवेदन करत होते. फिती विमानातून इतक्या गारठून यायच्या की यंत्रावर चढवण्याआधी त्यांना ऊब द्यावी लागे. फीत येईपर्यंत मॅके विश्वकोश आणि प्रवासाची पुस्तकं समोर घेऊन स्वतः स्क्रिप्ट टाइप करायचे. जे आपण डोळ्यांनी पाहिलं नाही ते पाहिल्यासारखं सांगायचं नाही आणि तरीही प्रेक्षकाला तिथे नेऊन बसवायचं, अशी ती कसरत होती. आज बरंचसं समालोचन दूरच्या स्टुडिओतून पडद्यावर बघूनच होतं. त्यामुळे तुमच्या रोजच्या कामाला म्युनिकपेक्षा रोमच जास्त जवळचं आहे. माहिती गोळा करणं, ती कागदावर उतरवणं आणि ती चित्रावर न लादणं ही सगळी तालीम त्यांची तिथे झाली.

मग एबीसी या प्रतिस्पर्धी नेटवर्कच्या क्रीडा विभागाचे निर्माते रून आर्लेज आले. आर्लेज यांना शनिवारी दुपारी चालेल असा खेळांचा कार्यक्रम हवा होता, आणि मोठ्या लीगचे हक्क परवडत नव्हते. म्हणून त्यांनी जगभरचे असे खेळ निवडले ज्यांच्याकडे अमेरिकेत कुणी वळूनही बघत नव्हतं. २९ एप्रिल १९६१ रोजी मॅके यांच्या निवेदनासह ‘वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स’ सुरू झाला. पहिल्याच भागात ड्रेक आणि पेन या दोन विद्यापीठांच्या मैदानी स्पर्धा होत्या. त्याच वर्षी जुलैत मॉस्कोत अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांची मैदानी लढत झाली. शीतयुद्ध ऐन भरात होतं आणि मॉस्कोच्या मैदानात व्हॅलेरी ब्रुमेलने २.२४ मीटर उंच उडी मारून विश्वविक्रम केला. पुढे अकापुल्कोच्या कड्यांवरून समुद्रात झेप घेणारे, बर्फावर ठेवलेली पिंपं ओलांडून उड्या मारणारे, पंजा लढवणारे असे किती तरी लोक या कार्यक्रमात आले. मॅके यांनी शंभराहून जास्त खेळ आणि चाळीसेक देश पालथे घातले. ‘विजयाचा थरार आणि पराभवाची वेदना’ हे सुरुवातीचं वाक्य त्यांच्या आवाजात अमेरिकेतल्या घराघरांत पोचलं. त्यातल्या ‘वेदने’वर दिसणारा, उतारावरून गडगडत जाणारा स्की जंपर म्हणजे स्लोव्हेनियाचा विन्को बोगाताय. १९७० साली ओबर्स्टडॉर्फला तो पडला होता. डोक्याला मार लागला, पण तो वाचला.

मॅके यांचे या कार्यक्रमातले जुने भाग मिळतील तेवढे बघा आणि एक गोष्ट टिपा. खेळाचे नियम ते दोन-तीन वाक्यांत उरकतात आणि लगेच माणसाकडे वळतात. हा कुठून आला, पोटापाण्याला काय करतो, याच्यासाठी आज काय पणाला लागलंय. प्रेक्षकाला पिंपांवरून उडी मारण्यात काडीचा रस नसतो. उडी मारणारा माणूस ओळखीचा झाला की मात्र तो शेवटपर्यंत बसून राहतो. आणि ही ओळख करून देण्यासाठी आधी त्या माणसाशी बोलावं लागतं, त्याचं नाव नीट उच्चारावं लागतं, माहिती तपासावी लागते. हे सरळसरळ वार्ताहराचं काम आहे. मॅके कोणत्याही खेळाकडे वरून बघत नसत. अशा कार्यक्रमात टिंगलटवाळीचा मोह किती होतो ते मला ठाऊक आहे. त्यांच्या स्वरात तो कुठेच येत नाही. १९६८ मध्ये त्यांना एमी हा अमेरिकन टीव्हीचा पुरस्कार मिळाला. क्रीडा निवेदकाला एमी मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

आता म्युनिक. १९७२च्या ऑलिंपिकमध्ये एबीसीचे मुख्य निवेदक मॅके नव्हतेच, ख्रिस शेंकेल होते. मॅके यांच्याकडे जिम्नॅस्टिक्स आणि मैदानी खेळ होते. ५ सप्टेंबरला त्यांना सुटी होती. पहाटे आठ पॅलेस्टिनी हल्लेखोर ऑलिंपिक ग्राममध्ये कॉनॉलीस्ट्रासे ३१ या इमारतीत घुसले, इस्रायली पथकातल्या दोघांना ठार केलं आणि नऊ जणांना ओलीस धरलं. मॅके हॉटेलवर पोहायला निघाले होते. निरोप आला तसे पोहण्याच्या चड्डीवरच कपडे चढवून ते स्टुडिओत पोचले. दुसऱ्या दिवशी पहाटे खोलीवर परतल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आत अजून तीच चड्डी आहे.

आर्लेज यांनी शेंकेल यांना बाजूला ठेवून मॅके यांना का बसवलं? एबीसीच्या वृत्तविभागालाही ही बातमी स्वतःकडे हवी होती, आर्लेज यांनी ती दिली नाही. त्यांना असा माणूस हवा होता ज्याला ऑलिंपिक ग्रामची माहिती आहे, खेळाडू ठाऊक आहेत आणि जो मुळात बातमीदार आहे. पीटर जेनिंग्ज तेव्हा एबीसीचे बैरूतचे वार्ताहर होते. ते ग्रामच्या आतच राहून माहिती देत होते आणि हल्लेखोर कोण असतील याचा संदर्भ सांगत होते. एबीसीचे क्रीडा समालोचक हॉवर्ड कोसेलही आत होते. मॅके यांनी खुर्चीत बसून या सगळ्यांना एकत्र बांधलं, चौदा तासांहून अधिक काळ.

लाइव्हवर इतका वेळ काढणं म्हणजे काय, हे तुम्ही निवेदक आहात म्हणून सांगतो. समोर स्क्रिप्ट नाही, टेलिप्रॉम्प्टर नाही. कानात प्रोड्यूसर बोलतोय, समोर मॉनिटरवर तीच बाल्कनी तासन्‌तास दिसतेय, नवं काहीच घडत नाही. अशा वेळी तोंडाला मोकळं सोडलं की अंदाज सुरू होतात. ‘असं दिसतंय’, ‘बहुधा’, ‘सूत्रांकडून कळतंय’. मॅके अंदाज करत नाहीत. जे पक्कं कळलंय ते पुन्हा नीट मांडतात, नव्याने टीव्ही लावणाऱ्याला कुठून काय झालं ते सांगतात आणि गप्पही बसतात. तो गप्प बसण्याचा भाग जरूर ऐका.

खरी परीक्षा मध्यरात्रीच्या सुमारास झाली. ओलिसांना घेऊन हेलिकॉप्टर फ्युर्स्टनफेल्डब्रुकच्या विमानतळावर गेली होती. तिथे गोळीबार झाला आणि बातमी पसरली की सगळे ओलीस सुटले. पश्चिम जर्मन सरकारचे प्रवक्ते कॉन्राड आल्हर्स यांनीही कारवाई यशस्वी झाल्याचं टीव्हीवर सांगितलं. जगभरच्या वृत्तसंस्थांनी ते उचललं. सरकारी प्रवक्ता स्वतः सांगतोय म्हटल्यावर कुठलाही डेस्क तो मथळा करेल. मॅके यांनी बातमी दिली, पण ती कुणाच्या तोंडची आहे ते सोडलं नाही आणि दार उघडं ठेवलं. मग उलट खबरा येऊ लागल्या तेव्हा त्यांनी जे सांगितलं त्याचा आशय असा: विमानतळावरून शेवटचं जे कळलंय ते, त्यांच्याच शब्दांत, तिथे नुसता हलकल्लोळ उडालाय. अजून गोळीबार चालू आहे. हेलिकॉप्टर जळत असल्याची एक खबर आहे. पण सगळाच गोंधळ आहे, काहीही पक्कं नाही आणि ओलिसांचं काय झालं याची आम्हाला कल्पना नाही.

यातलं एकेक वाक्य सुटं करून पाहा. पहिलं दुसऱ्याचं आहे आणि ते दुसऱ्याचं म्हणूनच दिलंय. हेलिकॉप्टरची गोष्ट ‘खबर’ म्हणून आली, घटना म्हणून नाही. आणि शेवटी, जे सगळं जग विचारतंय त्याचं उत्तर ‘आम्हाला माहीत नाही’. हे वाक्य लाइव्हवर म्हणायला निवेदकाच्या अंगात किती बळ लागतं, ते खुर्चीत बसलेल्यालाच कळतं.

म्युनिकमध्ये पहाटेचे साडेतीन वाजत आले होते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे साडेदहा होत होते. अंतिम खबर मॅके यांच्या कानात सांगितली गेली. ओलिसांमध्ये डेव्हिड बर्गर हा वेटलिफ्टर होता, मूळचा अमेरिकेतल्या ओहायोचा. त्याचे आईवडील टीव्हीसमोर बसले असणार आणि मुलगा जिवंत आहे की नाही हे त्यांना आपल्याच तोंडून कळणार, एवढाच विचार तेव्हा मनात होता, असं मॅके पुढे सांगत. ते कॅमेऱ्याकडे वळले. लहानपणी वडील म्हणायचे, आपल्या सर्वांत मोठ्या आशा आणि सर्वांत वाईट भीती क्वचितच खऱ्या होतात, असं म्हणाले. आपली सर्वांत वाईट भीती आज रात्री खरी झाली, असं म्हणाले. आणि मग, त्यांनी आता सांगितलंय की अकरा ओलीस होते, दोघे काल सकाळी आपल्या खोल्यांत मारले गेले, नऊ जण आज रात्री विमानतळावर मारले गेले. ते सगळे गेले.

लोकांना वडिलांचं वाक्य लक्षात राहतं, ‘ते सगळे गेले’ लक्षात राहतं. मी विद्यार्थ्यांना मधलं वाक्य ऐकवतो. ‘त्यांनी आता सांगितलंय’. इतक्या तासांच्या थकव्यानंतर, गळा दाटलेला असताना, बातमी कुणी सांगितली हे ते विसरत नाहीत. एकूण आकडा देतात, मग त्याची फोड करतात, कधी आणि कुठे तेही सांगतात. सहज बोललेली बातमीची इंट्रो, म्हणजे सुरुवातीचा मजकूर, आहे ती. आणि वडिलांचं वाक्य? त्याचं काम आहे बर्गरच्या आईवडिलांना अर्ध्या मिनिटाची उसंत देणं. ऐकणारा सावरतो, त्याला कळतं की वाईट येतंय, आणि मग ते येतं. भावनेला त्यांनी जागा दिली ती माहितीच्या आधी आणि नंतर. माहितीच्या आत तिला शिरू दिलं नाही.

त्या रात्री एक जर्मन पोलिस अधिकारी आणि पाच हल्लेखोरही मेले. त्याच दिवशी आधी आणखी एक गोष्ट घडली होती, जिची चर्चा प्रशिक्षणात व्हायला हवी. पोलिस इमारतीच्या छतावरून आत शिरायच्या बेतात होते आणि ती सगळी हालचाल टीव्हीवर दिसत होती. आत खोल्यांत टीव्ही होते. तो बेत सोडून द्यावा लागला. मॅके यांच्या कामगिरीने हा प्रश्न झाकला जात नाही. कॅमेऱ्याला दिसतं म्हणून ते लाइव्ह दाखवायचं का, हे ठरवणं निवेदकाच्या हातात नसतं, पण त्याची जाणीव त्याला असायलाच हवी.

म्युनिकसाठी मॅके यांना खेळ आणि बातम्या या दोन्ही विभागांत एमी मिळाले, जॉर्ज पोल्क हा पत्रकारितेचा पुरस्कारही मिळाला. अभिनंदनाची तार पाठवणाऱ्यांत वॉल्टर क्रॉन्काइट होते. बारा वर्षांपूर्वी स्क्वॉ व्हॅलीत त्यांच्या जागी गेले होते तेच.

नंतरच्या काळातलं एकच उदाहरण देतो, कारण ते छोटं आहे आणि तुमच्या रोजच्या कामाला लागू पडतं. २२ फेब्रुवारी १९८०, लेक प्लॅसिडचं हिवाळी ऑलिंपिक. अमेरिकेच्या कॉलेजवयीन मुलांनी सोव्हिएत संघाला आइस हॉकीत ४-३ असं हरवलं. सामना संध्याकाळी पाचला झाला आणि एबीसीने तो रात्री दाखवला. समालोचन अल मायकल्स यांचं होतं, मुख्य निवेदक मॅके होते. सामना दाखवण्याआधी मॅके यांनी प्रेक्षकांना स्पष्ट सांगितलं की सामना होऊन गेलाय, आणि निकाल न फोडण्याचा शब्द आम्ही दिलाय. जे रेकॉर्डेड आहे ते लाइव्ह भासवायचं नाही. किती साधी गोष्ट! कोपऱ्यातली ‘रेकॉर्डेड’ अशी पट्टी काढून टाकून शिळा सामना ताजा म्हणून खपवणाऱ्यांनी ती ऐकावी.

त्यांच्यावर आक्षेपही होते आणि काही मला पटतात. ते हळवे होते. घोड्यांच्या शर्यतींचं वर्णन करताना तर फारच. कोसेल समोरच्याला कोंडीत पकडायचे, मॅके तसे प्रश्न विचारत नसत. म्युनिकची सुरक्षाव्यवस्था इतकी ढिली कशी राहिली, जर्मन पोलिसांची कारवाई का फसली, या प्रश्नांची उत्तरं शोधण्याचं काम मुख्यतः इतरांनी केलं. ज्याला शोधपत्रकारिता म्हणतात ती त्यांची नव्हे. त्यांचं बळ होतं नेमकं सांगण्यात आणि विश्वास टिकवण्यात. तो विश्वास किती होता? २००२च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकसाठी एनबीसी या तिसऱ्या नेटवर्कने त्यांना प्रतिस्पर्धी एबीसीकडून मागून घेतलं, तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते. ७ जून २००८ रोजी मेरीलँडमधल्या मॉंक्टन इथे त्यांचं निधन झालं. त्यांचा मुलगा शॉन मॅकमॅनस तेव्हा सीबीएसच्या क्रीडा आणि वृत्त या दोन्ही विभागांचा प्रमुख होता.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आता देता येईल. क्रीडा निवेदक आपोआप पत्रकार होत नाही, तशी तालीम घ्यावी लागते. तुमच्या वाहिनीत सोय असेल तर सहा महिने वृत्तविभागात मागून घ्या, आणि तेही स्टुडिओत नको, फील्डवर. गुन्हे, रुग्णालय, महापालिका, जे मिळेल ते. मृतांचा आकडा कुणाकडून घ्यायचा, तो बदलला तर हवेत कसं दुरुस्त करायचं, नातेवाइकांना कळण्याआधी नाव द्यायचं की नाही, हे तिथे शिकाल. खेळाच्या मैदानावर स्टँड कोसळतो, खेळाडू कोसळतो, चेंगराचेंगरी होते. तेव्हा वृत्तविभागाची ओबी व्हॅन, म्हणजे बाहेरून थेट प्रक्षेपण करणारी गाडी, पोचायला तास लागतो आणि माइक तुमच्या हातात असतो. रोज सामन्याआधीच्या नोंदी स्वतः टाइप करा, संशोधकाने दिलेला कागद तसाच वाचू नका. आणि परतताना डेस्कवरच्या एखाद्या जुन्या माणसाशी ओळख ठेवून या, ज्याला रात्री दोन वाजता फोन करून ‘हे पक्कं आहे का’ असं विचारता येईल.